छान म्हणेल त्यानं चहा पाजावा

आमच्या अणदूरच्या कस्तुराबाई गेल्या फेब्रुवारीत वारल्या, तेव्हा त्या ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

त्यांची धाकटी बहीण पार्वतम्मा तामलवाडीहून निघाली ती रडतच. एसटीतल्या कंडक्टरनं तिकीट बाजूला ठेवून तिला आधी पाणी पाजलं. दारात येऊन तिनं "अक्का गंऽ" म्हणून जमिनीवर अंग टाकलं, तेव्हा अक्का सूप खाली ठेवून घाईनं उठली आणि म्हणाली, "काय झालं गं? कोण गेलं?"

पार्वतम्मा तीन मिनिटं बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा बहिणीला मिठी मारली आणि मग एक चापट मारली.

ह्या मरणाला जबाबदार आमच्या गल्लीतली निकिता. सोलापूरच्या एका कॉलेजात ती सिनेमा शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटा सिनेमा करायचा असतो. निकितानं अठरा मिनिटांचा केला. नाव 'पाचची गाडी'. एक म्हातारी रोज पाचच्या एसटीला फाट्यावर जाऊन बसते, कुणीच उतरत नाही, एवढीच गोष्ट. म्हातारीचं काम कस्तुराबाईंनी केलं. अभिनय असा काही करावा लागला नाही. त्यांचा मुलगा पुण्याला आहे.

सिनेमा गावातच शाळेच्या पटांगणावर दाखवायचा ठरला. त्यासाठी निकितानं बसस्टँडवरच्या कलीमच्या दुकानातून फ्लेक्स करून घेतला. कलीमचा हात वाढदिवस आणि श्रद्धांजली ह्या दोनच गोष्टींवर बसलेला. कस्तुराबाईंच्या चेहऱ्यावर गॉगल शोभला नसता, म्हणून त्यानं दुसरा नमुना घेतला. काळापांढरा फोटो, भोवती गोल चौकट, खाली तारीख, वेळ, ठिकाण आणि 'सर्वांनी उपस्थित राहावे'. ह्या मजकुराचा अर्थ आमच्या जिल्ह्यात एकच होतो. लोक फ्लेक्सपाशी थांबले, चपला काढल्या, हात जोडले. दुपारपर्यंत कस्तुराबाईंकडं एकवीस माणसं भेटून गेली. त्यातले चौघे जेवूनही गेले.

संध्याकाळी निकिता माफी मागायला गेली, तर कस्तुराबाई खुशीत होत्या.

"अगं, कोण कोण येतंय ते तरी कळलं. धाकटा दीर न्हाय आला बघ. त्याच्या सात पिढ्यांला आता लाडू देत न्हाय म्या."

पण निकिताचा चेहरा उतरला होता. तिच्या कॉलेजचा नियम असा, की नुसता सिनेमा करून भागत नाही. त्याची जाहिरातही करायची, ती लोकांना दाखवायची, लोक काय म्हणतात ते लिहून घ्यायचं, त्याप्रमाणे जाहिरात सुधारायची आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा साऱ्या आवृत्त्या मास्तरांसमोर ठेवायच्या. निकिताच्या वहीत पहिल्या पानावर एकच अभिप्राय एकवीस वेळा लिहिलेला होता : 'कधी वारल्या?'

"माणसं काय म्हणतात ते ऐकायचं आसंल तर मकबूलकडं जा," शिवलिंगप्पा म्हणाला. शिवलिंगप्पाचं हॉटेल स्टँडच्या कोपऱ्यावर आहे आणि गावाला कुणी कुठं जायचं हे तिथूनच सांगितलं जातं. "त्यानं आख्खी हयात त्येच केलंय."

मकबूल पेंटरचं व्यक्तिचित्र लिहायचं माझ्या मनात वीस वर्षं होतं. लिहिलं नाही, कारण त्याचं चित्र काढायची लायकी त्याच्याशिवाय कुणाची नाही असं तो मला तोंडावर सांगायचा. अणदूरपासून नळदुर्गापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांवर त्याचा हात फिरलेला. पिठाच्या गिरण्या, सायकल दुकानं, दवाखाने, 'येथे थुंकू नये' आणि त्याच्याखाली थुंकलेल्याचे डाग, सगळं त्याचंच, डाग सोडून. आमचा खंडोबासुद्धा वर्षातले काही दिवस नळदुर्गच्या मुक्कामी जातो. मकबूल मात्र गाव सोडून कधी राहिला नाही. म्हणायचा, "देवाला दोन घरं परवडत्यात. मला एकच बेगमबी."

त्याची एक ऐट होती. दुसरे पेंटर पत्र्यावर अक्षरं काढण्याआधी खडूच्या पुडीत घोळवलेली दोरी ताणून मारतात. ओळ सरळ यावी म्हणून. मकबूलनं उभ्या जन्मात दोरी मारली नाही. "ओळ डोळ्यात आसती," म्हणायचा. "दोरी आंधळ्यानं मारावी."

आणि त्याची एक रीत होती. बोर्ड अर्धा झाला, की तो दुकानावर न लावता शिवलिंगप्पाच्या हॉटेलासमोरच्या भिंतीला टांगायचा. स्वतः बोर्डाकडं पाठ करून बाकावर बसायचा. येणारे जाणारे बघायचे, बोलायचे, हा ऐकायचा. पाठ का करायची? तर बोलणाऱ्याला आपले डोळे दिसले की तो भिडेखातर गोड बोलतो. ह्यातही एक अट. 'छान' हा शब्द वापरायचा नाही. जो छान म्हणेल, त्यानं मकबूलला एक चहा पाजायचा.

"छान म्हणजी काय? बघितलंच न्हाय म्हणायचं की," तो सांगायचा. "खोट सांग. खोट सांगणाऱ्यानं तरी बघितलेलं आसतंय."

दगडोबाच्या मटणाच्या दुकानाचा बोर्ड मला आठवतो. मकबूलनं बोकड काढला होता, असा हसरा, असा गोजिरा, की तो आता हात पुढं करून रामराम म्हणेल. टांगल्यावर पहिलीच बाई म्हणाली, "अगं बया! ह्याला कापायचं व्हय?" दुसरा माणूस पिशवी घेऊन आलेला, तो बोर्ड बघून वांगी घेऊन घरी गेला. मकबूलनं तासाभरात बोकडाचं तोंड पलीकडं वळवलं. दगडोबाचा धंदा तीस वर्षं त्या बोकडाच्या पाठीवर चालला आहे.

पुढं फ्लेक्स आला. तो आणला कुणी, तर मकबूलच्याच पुतण्यानं, कलीमनं. मकबूलनं उद्घाटनाला जाऊन मशीनला हात लावून बघितला आणि म्हणाला, "ह्याला चहा पाजावा लागत न्हाय, एवढं बरंय." त्यानंतर त्याला काम नव्हतं. कधीमधी ट्रकवाला यायचा, मागच्या फळीवर चार अक्षरं काढून घ्यायचा. मग तेही बंद झालं.

अशा वेळी निकिता त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "मकबूलचाचा, मला पोस्टर पायजे. हातानं रंगवलेलं."

म्हातारा उठून उभा राहिला आणि उठताना स्टुलाला धडकला. त्याची बायको बेगमबी आतून म्हणाली, "काम नक्को बोल रे बाबा तू." त्यानं ऐकलं नाही. उलट विचारलं, "पिक्चर कशाचा?" निकितानं गोष्ट सांगितली. मग विचारलं, "पयल्या फ्लेक्सला लोक काय म्हणले?" निकितानं वही वाचली. म्हातारा खोकेपर्यंत हसला.

"त्यांचं बरोबर हाय," तो म्हणाला. "फोटोतली बाई कुणाचीच वाट बघंना. वाट बघणाऱ्या माणसाचं डोळं रस्त्याकडं आसत्यात. गोल चौकटीतल्याला कुठला रस्ता? एसटी काढू लांब. लहान. लाल ठिपक्यागत. अन् बाईला रंग देऊ. मेलेल्या माणसाला रंग नसतोय."

निकितानं हे सगळं लिहून घेतलं. कॉलेजात तीन वर्षांत तिला कुणी असं नेमकं सांगितलं नव्हतं, असं ती मला म्हणाली.

मकबूलनं आठ दिवस घेतले. सहा फुटी पत्रा, नवे डबे. ह्या आठ दिवसांत तो गल्लीतून जाताना गाणं गुणगुणत जायचा, कमरेत ताठ. दाढीही केली होती. हॉटेलात सांगत सुटला, "सोलापूरच्या कॉलेजचं काम हाय." आपण अजून पेंटर आहोत हे त्याला स्वतःला सांगायचं होतं, आणि ते सांगायला हा एकच पत्रा हाताशी होता.

नवव्या दिवशी सकाळी दहाला त्यानं आणि कलीमनं पत्रा आणून हॉटेलसमोरच्या भिंतीला टांगला. मकबूल पाठ करून बाकावर बसला. निकिता वही उघडून त्याच्या शेजारी बसली.

मी समोरच होतो. पत्र्याकडं बघितलं आणि हातातली बशी तशीच राहिली.

प्रत्येक अक्षर देखणं होतं. तोच जुना हात, तोच डौल. पण 'पाचची गाडी' ही ओळ डावीकडं कपाळाच्या उंचीवर सुरू होऊन उजवीकडं गुडघ्यापर्यंत उतरली होती. गाडी उतारावरून घसरत निघाल्यासारखी. खालच्या दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. आणि कस्तुराबाई! उजवा डोळा हुबेहूब त्यांचा. डावा डोळाही हुबेहूब त्यांचा. फक्त तो भुवईच्या वर होता. लांबच्या रस्त्यावर एसटी होती, लाल ठिपक्यासारखी, पण तो रस्ता त्यांच्या कानातून निघाला होता.

कलीमनं माझ्याकडं बघितलं. त्याला आधीच दिसलं होतं. त्यानं नुसती मान हलवली, म्हणजे बोलू नका.

पहिला दगडोबा आला. मोठ्या गळ्याचा माणूस. बोलला की दोन दुकानं पलीकडं ऐकू जातं. तो पत्र्यासमोर उभा राहिला, मकबूलच्या पाठीकडं बघितलं, गळा साफ केला.

"छान झालंय की," तो हळू म्हणाला आणि शिवलिंगप्पाकडं वळला. "आप्पा, पेंटरला चहा."

"अरे, अट ठाऊक आसून छान म्हणतोस?" मकबूल खूश होऊन ओरडला. "फुकटचा चहा पाजतोय बघा दगडोबा! निके, लिही."

मग शाळेचे मास्तर आले. छान. चहा. किराणावाला आला. "छान हाय पेंटर." चहा. दोन कॉलेजची पोरं आली, आधी हसली, मग शिवलिंगप्पानं त्यांच्याकडं असं बघितलं की दोघांनी एकदम छान म्हटलं. दोन चहा. दवाखान्यातली नर्स आली, तिच्यामागून आणखी तिघं. छान. स्वतः शिवलिंगप्पा गल्ल्यावरून उठून आला, धोतराचा सोगा हातात धरून बराच वेळ बघत राहिला, म्हणाला, "भाळ छंद अद," आणि स्वतःच्याच हॉटेलातला चहा आणून ठेवला. कानडीत म्हटलं म्हणून काही अट चुकत नाही.

मीही म्हणालो. इथं लिहायला लाज वाटते, पण चांगल्या मोठ्यानं म्हणालो.

बाकावर मकबूलच्या पुढं कपांची रांग लागली. पहिले दोन तो प्यायला. तिसरा अर्धा प्यायला. पुढचे तसेच गार होत राहिले, वर साय धरली. त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. बाराच्या सुमाराला त्यानं हात पुढं करून कप चाचपले, एकेकाच्या कानाला बोट लावत.

"आप्पा, किती झाले?"

"हाईत की धा-अकरा."

"अकरा माणसं," मकबूल म्हणाला. "माझ्या उमेदीतल्या बोर्डाला कधी दोनच्या वर चहा झाला न्हाय. गिरणीच्या बोर्डाला तर एकबी न्हवता. त्येच्यात तीन खोटी निघाल्या व्हत्या." त्यानं कपावरचं बोट काढलं. "निके, तू काय लिवलंस वहीत?"

निकिता वहीकडं बघत म्हणाली, "रंग आवडला म्हणले. एसटी आवडली."

"कुणाला?"

"...सगळ्यांना."

"सगळ्यांना एकच गोष्ट कधी आवडत न्हाय, पोरी. आपल्या गावात तर न्हायच न्हाय."

तेवढ्यात कस्तुराबाई आल्या. हातात पिशवी. पोस्टरवर आपण कशा दिसतो ते बघायला मुद्दाम इरकल नेसून आलेल्या. दगडोबा त्यांना अडवायला उठला, पण त्या एकदा मरून बसलेल्या, त्यांना आता कोण अडवणार? त्या पत्र्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग येऊन बाकावर मकबूलशेजारी टेकल्या आणि कपांची रांग बघितली.

"मकबूल, ह्यातला एक मी पिऊ का?"

"गार झालेत बाई."

"आसू दे." त्यांनी एक कप उचलला, घोट घेतला. "माझा डावा डोळा कपाळावर गेलाय रं. अन् ओळ खाली उतरलीया. लई उतरलीया." आणखी एक घोट घेऊन म्हणाल्या, "पण डोळा माझाच हाय. एकेक डोळा माझाच हाय बघ."

मकबूलनं मान हलवली. पहिल्यांदाच तो बाकावर वळला, भिंतीकडं तोंड करून बसला आणि पत्र्याकडं बघत राहिला. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवत. सहा फुटी पत्रा तो एकेक वीत करून बघत होता.

"कधीपासनं रं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"दोन वरसं झाली. सोलापूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. बाजूचं जातंय आधी. आता नळीतनं बघितल्यागत दिसतंय. एक अक्षर दिसतंय, त्येच्या शेजारचं दिसत न्हाय." तो म्हणाला. "गेलेलं परत येत न्हाय म्हणला. थेंब घालतो. म्या म्हणलं, डोळ्याला दिसंना तर दिसंना, हाताला ठाऊक हाय की."

मग त्यानं आवाज चढवला. अकरा जणांतले बरेचसे अजून रेंगाळत होते. "दगडोबा, इकडं ये. माझ्या बोकडाची शपथ हाय तुला. खोट सांग."

दगडोबा पुढं आला आणि त्या मोठ्या गळ्याच्या माणसानं पत्र्यावर बोट ठेवलं. हळूच म्हणाला, "रस्ता कानातनं निघालाय, पेंटर."

"लिही निके."

"खालच्या ओळी एकावर एक चढल्यात," मास्तर म्हणाले.

"लिही."

"तारीख वाचाया येत न्हाय."

"लिही."

मीही एक सांगितली. कस्तुराबाईंचा पदर आणि मागची भिंत एकाच रंगाची झाली होती. निकिता लिहीत होती, वहीवर थेंब पडत होते, शाई पसरत होती. चौदा खोटी झाल्या. प्रत्येकीला मकबूल "बरोबर" म्हणत होता, अगदी जुन्या दिवसांत म्हणायचा तसं, फक्त हळू. सगळं झाल्यावर त्यानं कलीमला हाक मारली.

"दोरी हाय का रं तुझ्याकडं?"

कलीमकडं दोरी होती. फ्लेक्स बांधायला लागते. तो दोरी घेऊन आला आणि चुलत्यासमोर उभा राहून लहान पोरासारखा रडला. मकबूल म्हणाला, "रडतोस काय, एक टोक धर. दुसरं निकिताला दे."

पुढचे तीन दिवस त्या पत्र्याला मकबूलनं हात लावला नाही. बाकावर बसून सांगत राहिला. निकिता आणि कलीम करत राहिले. अर्धा पत्रा पांढरा फासून पुन्हा ओळी मारल्या. डावा डोळा जागेवर आणायला निकिताला चार वेळा खरवडावं लागलं. दर दुपारी पत्रा भिंतीला टांगायचा आणि लोक खोट काढायचे, कसोशीनं. त्या तीन दिवसांत कुणी छान म्हणालं नाही. एसटीचा लाल फिका झाला म्हणून पार्वतम्मानं तामलवाडीहून फोन केला. तिला कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला होता.

सिनेमा झाला. पटांगण भरलं, बायका सतरंजी घेऊन आल्या. कस्तुराबाई पुढं बसून स्वतःला बघून खुदुखुदु हसत होत्या, आणि शेवटी, पडद्यावरची एसटी न थांबता निघून गेली तेव्हा हसायच्या थांबल्या. मकबूल मागच्या रांगेत भिंतीला टेकून ऐकत होता. पोस्टर दारात होतं. आत येणारं एकही माणूस त्याच्यापुढं चपला काढून उभं राहिलं नाही. कॉलेजात निकिताला साऱ्या वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पोस्टरच्या कामाला, त्या चौदा खोटींच्या पानासकट, पडले, आणि त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

दिवाळीनंतर ती मकबूलला भेटायला आली, मला बरोबर घेऊन गेली. आता त्याला दारातला माणूस कोण ते आवाजावरून ओळखावं लागतं. निकितानं मार्कांचं सांगितलं. तो खूश झाला. निघताना ती घुटमळली आणि म्हणाली, "चाचा, तुमचा एखादा ब्रश द्याल? आठवण म्हणून."

"न्हाय," मकबूल लगेच म्हणाला. "डोळं गेलं म्हणून ब्रशबी नेतीस व्हय? मला लागत्यात रोज."

बेगमबीनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला. अंगणात मोठी शहाबादी फरशी आहे, काळीशार. मकबूल उकिडवा बसला, ब्रश पाण्यात बुडवला आणि फरशीवर लिहायला लागला. 'जय हनुमान पीठ गिरणी.' त्यानं पन्नास वर्षांपूर्वी काढलेला पहिला बोर्ड. उन्हानं डावीकडचं अक्षर वाळत होतं, उजवीकडचं अजून उमटत होतं.

"देख गे," तो म्हणाला. "कैसा है?"

बेगमबी कमरेवर हात ठेवून फरशीकडं वाकली. "बीच का जरा नीचे गया."

त्यानं मान हलवली आणि मधलं अक्षर पुन्हा काढलं. मला तरी ते पहिलंही सरळच दिसलं होतं.

दारापर्यंत बेगमबी पोचवायला आली तेव्हा मी हळूच विचारलं, "भाबी, तुम्हाला वाचता येतं?"

"कुठं भाऊ, शाळेचं तोंड न्हाय बघितलं म्या," ती म्हणाली. "पण रोज एक खोट सांगावी लागती. छान म्हणलं की दिवसभर जेवत न्हाय."

"अब?" मकबूलनं अंगणातून विचारलं.

ती वळली. फरशी एव्हाना अर्धीअधिक वाळली होती.

"वो आखिर का देखो जी," ती म्हणाली, "टेढा आया."